फैजनगरचा पहिला टोल

सूर्य उगवून दोन घटिका झाल्या होत्या आणि फैजनगरात अजून सकाळ झालेली नव्हती.

मी बुरुजावर लाकडी मोगरी हातात घेऊन उभा होतो. समोर काशाची भलीमोठी थाळी टांगलेली. शेजारी पाण्याचं घंगाळ, आणि त्यात तरंगणारं आमचं तांब्याचं घटिकापात्र. त्याच्या बुडाला सुई जाईल एवढं भोक. भोकातून पाणी शिरत शिरत पात्र बुडालं, की एक घटिका झाली. अशा साठ झाल्या, की दिवस आणि रात्र संपली. पात्र उचलायचं, रिकामं करायचं, पुन्हा सोडायचं, टोल द्यायचा. चार पिढ्या आम्ही जोशी हेच करत आलो.

"पंत," सिद्दी मर्जान म्हणाला, "दुसरं बुडालं."

"दिसतंय मला."

"मग उजाडलं म्हणायचं का?"

"मी कोण म्हणणारा?"

मर्जान माझ्यासोबत अकरा वर्षं त्या बुरुजावर होता. ताडमाड हबशी, कमरेला रुंद तलवार. त्याला काम एकच होतं. महालावरून निशाण आल्याशिवाय कुणी पहिला टोल दिला, तर देणाऱ्याचा हात मनगटापासून उडवायचा. अकरा वर्षांत त्याला ते काम पडलं नव्हतं. तो माझ्या बायकोच्या हातचे बेसनाचे लाडू खायचा आणि तलवारीला तेल लावत बसायचा.

रीत अशी होती. सुलतान दाराबशाह पहाटे नदीकडच्या झरोक्यात येऊन दर्शन देत. ते आले, की म्हातारे ख्वाजा संबुल महालाच्या गच्चीवरून हिरवं फडकं हलवत. फडकं दिसलं, की मी टोल द्यायचा. टोल झाला, की शहराचे साती दरवाजे उघडत, बाजार उघडे, पहारे बदलत, टपालाचे घोडे सुटत आणि झरोक्याखालच्या मैदानाचं दारही उघडे. सुलतान दिसतात म्हणून दिवस उगवतो, असं दरबाराच्या दगडावर सोन्याच्या अक्षरात कोरलेलं होतं. मला बुरुजावरून झरोका दिसत नसे. मला दिसायची फक्त गच्ची, आणि आज गच्चीवर चिटपाखरू नव्हतं.

आता त्या राज्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण खरं ते सांगतो. एकदा जेवताना सुलतान म्हणाले, नदीचं पाणी शहरात आणा, आणि नवव्या महिन्यात माझ्या दारात पाट वाहत होता. रखमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या दिवशी हंडा अडगळीत टाकला. एका तोंडानं सांगायचं आणि लाख माणसांनी उठायचं, याला ताकद लागते. त्याच तोंडानं पुढं एकदा हत्तींना थंडी वाजत असेल म्हणून दुलया शिवायला सांगितल्या. शहरात दोन महिने वातीला कापूस मिळाला नाही, आणि हत्ती घामानं आजारी पडले. तो वैशाख होता, पण हे सुलतानांना सांगणार कोण.

असो. त्या दिवशी मला ना सुलतानांची काळजी होती ना हत्तींची. त्या दिवशी माझ्या येसूचं लग्न होतं.

येसूचं लग्न दोनदा ठरून मोडलेलं. एकदा मुलाचा आजा गेला, एकदा मुलानंच घर सोडलं. दोन्हींत पोरीचा काय दोष, पण लोक कुजबुजायला लागले होते. हे तिसरं स्थळ, आणि ते मोडलं तर चौथं येणार नाही हे आम्ही तिघंही जाणून होतो. मुहूर्त सूर्योदयापासून बाराव्या घटिकेचा. मुलाचे काका महादभट स्वतः ज्योतिषी, आणि स्वभावानं कडक. वऱ्हाड आदल्या दिवशी येऊन पूर्व दरवाजाबाहेरच्या आमराईत उतरलं होतं, सकाळी दरवाजा उघडला की आत यायचं म्हणून.

निघताना रखमा म्हणाली होती, "अहो, आज तरी बदली घ्या."

"पहिला टोल आपल्या घराण्याचा. देतो आणि लगेच येतो. उशीर करून कसं चालेल, पात्र कुणासाठी थांबत नाही."

"तुमचं ते पात्र," ती म्हणाली. "पोटच्या पोरीहून लाडकं."

ते खरं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. उभ्या जन्मात मी तरंगत्या पात्राला बोट लावलं नव्हतं. एका सरदारानं एकदा पहारा लवकर संपावा म्हणून पात्र जरासं दाबा म्हटलं, तर मी महिनाभर त्याच्या रामरामाला उत्तर दिलं नाही. दुनिया खोटी असेल, पात्र खोटं नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि रखमा आतून भांडी आपटायची.

चौथं पात्र बुडालं. मी कोनाड्यात चौथा खडा ठेवला. टोल नसला तरी मोजणं चालूच होतं.

खालून माझा मेहुणा त्र्यंबक ओरडला, "दाजी, काय झोपलात की काय वर?"

"निशाण नाही."

"अहो, डोक्यावर ऊन आलं. तटावर चढून बोलून आलो मी महादभटांशी. ते म्हणतात, मुहूर्त उन्हाचा आहे, तुमच्या सुलतानाचा नाही. टळला तर वऱ्हाड परत फिरवणार."

"थांब म्हणावं थोडं."

"परतीच्या वाटेवर एक मुलगी बघून ठेवलीय म्हणे त्यांनी. मुहूर्त वाया जायला नको म्हणून."

त्र्यंबकाला मी घरी पाठवलं आणि रखमाला सांग, तयारी थांबवू नको, असं बजावलं.

सहाव्या घटिकेला कोतवाल नजफबेग धापा टाकत वर आले. सात दरवाज्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. ते कठड्याला टेकले, लख्ख उन्हात डोळे मिचकावले आणि म्हणाले, "काय पंत, आज हवा कशी आहे?"

"गरम आहे, कोतवालसाहेब."

"का बरं गरम असावी?"

"सूर्य—"

"मी काही म्हणालो नाही," कोतवाल घाईनं म्हणाले. "सूर्याचं नाव तुम्ही काढलंत. सिद्दी साक्षीला आहे."

मर्जाननं मान हलवली. कोतवालांनी आवाज खाली आणला. "शहरात कुजबुज आहे, हुजूर पैगंबरवासी झाले. थोरल्या शहाजाद्यांनी घोडे कसलेत. धाकट्यांनी हत्ती अंगणात काढलेत."

"म्हणजे लढाई?"

"लढाई कशी होईल? तोफांचा दारूखाना बंद आहे. तो पहिल्या टोलाशिवाय उघडत नाही. दोघंही टोलाची वाट बघत बसलेत." त्यांनी कपाळ पुसलं. "पण किती वेळ बसतील? दुपारपर्यंत कुणीतरी कुलूप फोडेलच. एकदा कुलूप फुटलं, की मग शहर राहत नाही."

"मग महालात जाऊन विचारा ना."

"काय विचारू? हुजूर, आपण जिवंत आहात का?"

आम्ही तिघं लाडू खात गच्चीकडे बघत बसलो. सातवं पात्र बुडालं, आठवं बुडालं. समोर सगळं शहर दारं लावून गप्प होतं. उन्हं चौकात उतरली होती आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मला राहून राहून येसू दिसत होती. अंगाला हळद लागलेली, आणि तिसऱ्यांदा तिला कुणीतरी सांगणार, ऊठ बाळ, पाटावरून ऊठ.

नववं पात्र बुडालं तसा मी उठलो आणि मोगरी उचलली.

मर्जानही उठला. तलवार काढताना त्याचं तोंड रडवेलं झालं. "पंत, मला हे करायला लावू नका. तुमच्या घरचं खाल्लंय मी."

"मर्जान, निशाण दिसलं का तुला?"

"नाही."

"तू आत्ता कुठं बघत होतास?"

"तुमच्याकडे. तुम्ही मोगरी उचललीत ना."

"मग तेवढ्यात तिकडं फडकं हललं असलं तर?"

मर्जान विचारात पडला. तो सरळ माणूस होता, त्याला खोटं बोलता येत नसे आणि खोटं पकडताही येत नसे. तो कोतवालांकडे वळला. "हुजूर, तुम्हाला दिसलं?"

कोतवालांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दिसलं म्हणावं तर मान जाते, नाही म्हणावं आणि खरंच हललं असलं तरी मान जाते. त्यांनी दाढी कुरवाळली. शेवटी म्हणाले, "राज्याच्या भल्याचं जे असतं, ते आम्हाला नेहमीच दिसतं."

"हे हो समजायचं का?" मर्जाननं विचारलं.

मी उत्तराची वाट पाहिली नाही. उजवा हात गेला तर डाव्यानं कन्यादान करू, असं मनाशी म्हटलं आणि टोल दिला.

त्या थाळीचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय, पण त्या दिवशी तो माझ्या दातांत घुमला. दूरवर दरवाज्यांचे अडसर निघाल्याचे आवाज आले, आणि मग नदीच्या बाजूनं, मैदानाच्या दाराबाहेर पहाटेपासून खोळंबलेल्या हजारो गळ्यांतून एकच आरोळी उठली. म्हणजे सुलतान झरोक्यात उभे होते.

मर्जाननं तलवार म्यान केली आणि मटकन खाली बसला. कोतवाल म्हणाले, "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

मला काही कळेना, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. तेवढ्यात वर आलेल्या बदलीवाल्याच्या हातात मोगरी दिली, जिना उतरलो, तर खाली महालाचे दोन हुजरे उभे. म्हणाले, घड्याळजीला हुजुरांनी याद केलंय, आत्ताच्या आत्ता, पात्रासकट.

सुलतान दाराबशाह गादीवर बसले होते. जरीचा अंगरखा, शिरपेच, सगळं जिथल्या तिथं, फक्त चेहरा उपाशी माणसाचा. भोवती चाळीस माणसं गालिच्याची नक्षी बघत उभी.

"घड्याळजी," सुलतान म्हणाले, "पहाटेपासून कपडे करून आम्ही पडद्यामागं बसलोय. खाणं नाही, पाणी नाही. पहिला टोल झाल्याशिवाय झरोक्यात पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या वालिदांनी, थोरल्या हुजुरांनी, घातलेला दंडक. साऱ्या मुलखात आमच्यावर एकाचाच हुकूम चालतो, तुझ्या थाळीचा. आणि तूच टोल देत नाहीस?"

मी पात्र पोटाशी घट्ट धरलं. हे टोलाची वाट बघत होते. मी यांची वाट बघत होतो. शहर दोघांची वाट बघत होतं.

"हुजूर," मी चाचरत विचारलं, "ख्वाजा संबुल कुठं आहेत?"

"त्याला आम्ही काल कबुतरखान्यावर धाडलं. आमच्या गझलेवर जांभई दिली त्यानं. त्याच्या जागी नऊ माणसं नेमलीत." नऊच्या नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. फडक्याचं त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते कुणाला विचारलंही नव्हतं. "ते राहू दे," सुलतान म्हणाले. "चूक कुणाची, ते बोल."

खरं सांगायचं तर चूक हुजुरांची होती. ते बोललो असतो तर मी गेलो असतो. संबुलवर ढकलणं सोपं होतं, पण म्हातारा गेला असता. आणि मी गप्प बसलो असतो तर बारावी घटिका गेली असती.

"पात्राची चूक, हुजूर," मी म्हणालो. "भोक तुंबलं होतं."

पात्राबद्दल मी बोललेलं ते पहिलं खोटं. माझे कान तापले.

"रोज नाही तुंबत?"

"रोज ख्वाजा संबुल लक्ष ठेवतात."

"मग उद्याही तुंबेल?"

"उद्या तुंबेल, परवा तुंबेल. ते परत येईपर्यंत रोज तुंबेल."

सुलतान मूर्ख नव्हते. त्यांना कधी कुणी काही सांगत नसे, एवढंच. हळूहळू त्यांच्या ओठाची एक कड वर गेली. "संबुलला आणा," ते म्हणाले. "त्याला गझल मात्र आम्ही ऐकवणार नाही." मग पुन्हा कपाळाला आठी घातली. "पण चूक झाली म्हणजे शिक्षा झाली पाहिजे. पात्राला छडीचे दहा फटके. घड्याळजीनं समोर उभं राहून मोजावेत."

मी बरं म्हणालो, पण काम सरकारी. कारकून दौत घेऊन आला आणि गुन्हेगाराचं नाव विचारू लागला. मी म्हणालो, पात्र. बापाचं नाव? मी म्हणालो, तांबट. राहणार कुठला? बुरुजावर. वय? मी घामाघूम झालो. मनात पाणी भोकातून वर येत होतं, आणि मी हात जोडले. "हुजूर, माझ्या मुलीचं लग्न आहे."

"कधी?"

"आत्ता."

"मग आधी नाही का सांगायचं," सुलतान मनापासून हळहळले. "आम्ही मुहूर्त पुढं ढकलला असता."

फटके घाईनं झाले. मी पात्र उचललं, त्याला एका बाजूला खळगा पडला होता. दारात संबुल भेटले, खांद्यावर कबुतराची घाण, तोंडभर हसू. मला थांबायला वेळ नव्हता, पण विचारल्यावाचून राहवेना.

"ख्वाजा, एवढं सांगा. रोज आधी काय व्हायचं? टोल की सुलतान?"

"आधी मी उठायचो, पंत," म्हातारा म्हणाला. "पूर्वेला तांबडं दिसलं, की गच्चीवर जाऊन तुम्हाला सांगायचो, ते आले. टोल ऐकून ते यायचे. पस्तीस वर्षं झाली. थोरल्या हुजुरांच्या वेळेपासून."

"म्हणजे रोज खोटं?"

"एवढंसं," त्यांनी चिमूट दाखवली. "ते धरून ठेवलं, की बाकीचं राज्य आपोआप चालतं."

पुढं सहा वर्षांनी संबुल गेले, आणि त्यांच्या मागून तीन महिन्यांत फैजशाही गेली. लोक लढाईचं नाव सांगतात, फितुरीचं सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण त्या दिवशी मला राज्याची पडली नव्हती. मी धोतराचा काचा मारला आणि त्या वयात बाजारातून पळत सुटलो.

मांडवाच्या दारात पोहोचलो तेव्हा माझ्या हिशेबानं बारावी घटिका भरून वर घोटभर वेळ झाला होता. आत बघायचा धीर होईना.

आत अंतरपाट धरलेला होता. अलीकडे येसू, पलीकडे नवरामुलगा. भटजी मंगलाष्टक ओढून ओढून म्हणत होते. मुहूर्ताचं घंगाळ मधोमध मांडलेलं, त्यात आमचं घरचं जुनं पात्र. महादभट त्याच्यावर ओणवे होऊन भुवया उंचावून बघत होते. शेजारी रखमा बसली होती, घंगाळात पडलेल्या अक्षता एका हातानं वेचत. शांतपणे, एकेक दाणा.

"आलात का घड्याळजी," महादभट म्हणाले. "तुम्हीच बघा बरं. हे पात्र फार सावकाश भरतंय. मघापासून काठाला आलंय आणि बुडत नाही. बरोबर आहे ना?"

मी वाकून बघितलं. हळदीनं पाणी पिवळं झालं होतं. तरी चार पिढ्यांच्या नजरेला दिसायचं ते दिसलं. पात्राच्या बुडाखाली रखमाचं एक बोट होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, तापलेला राग होता. आता बोलून तर बघा, असा. मग मी येसूकडे पाहिलं. तिनं अंतरपाटाच्या कडेकडे नजर लावली होती आणि श्वास धरला होता.

"घड्याळजी?" महादभट म्हणाले.

"पात्र अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, हे बोलताना मला भरून आलं.

रखमानं बोट काढलं. पात्र डचमळलं आणि बुडालं. भटजींनी सावधान म्हटलं, अंतरपाट सरला, वाजंत्री सुरू झाली. मी येसूच्या मागं जाऊन उभा राहिलो, तेव्हा माझे दोन्ही हात जागेवर होते.

रखमानं ओलं बोट पदराला पुसलं. बोट पाण्यानं सुरकुतून पांढरं पडलं होतं. माझ्याकडे न बघताच तिनं हळूच विचारलं, "काय हो, झाली का तुमच्या सुलतानाची सकाळ?"